शिडाची शिवण

राहुरीत ताडपत्री शिवणाऱ्याच्या दुकानात मी शीड घेऊन शिरले, तेव्हा मशीनवरच्या तरुणानं मान वर केली. "ट्रॉलीचं हाय का टेम्पोचं?"

"विंडसर्फिंगचं."

तो बघतच राहिला… शिडाकडे की माझ्याकडे, कळलं नाही.

मुळा धरणावर मी चार वर्षं फळीवर उभी राहून, हातात शीड धरून वाऱ्यावर शर्यती खेळतेय. राज्याच्या संघाची निवड दोन दिवसांवर आली होती आणि काल काठावरच्या बाभळीनं शीड हातभर फाडलं होतं.

"सरळ टाके नका घालू," मी म्हणाले.

"घातले तर त्याच रेघेवरून टरकन फाटंल. आडवेतिडवे घेतो, वरून पट्टी." तो हसला. "आईबाप ऊसतोडीला. फडावरच्या झोपडीच्या, कोपीच्या ताडपत्रीखालीच मोठा झालो मी."

कल्याण त्याचं नाव. पाथर्डीचा.

"उद्या सकाळी धरणावर या," मी बजावलं. "बांधताना फाटलं, तर तुमच्यासमोर फाटू दे!"

तो आला. मी शिडात काठी सरकवली, खालच्या कप्पीतून दोरी ओवली, पाय रोवून खेचली. शिवण ताणली गेली, तसा तो पुढे धावला.

"बास, ताई!"

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हनू?"

"राजनंदिनी."

"लई मोठं हाय…"

"तुम्हाला घाई आहे?"

"न्हाई," तो लाजून म्हणाला. मग शिडाकडे बघून दचकला. "अहो, वरून ढिलं पडलं की!"

"तसंच हवं. जोराचा झोत आला की तिथून निसटून जातो. नाहीतर मला पाण्यात आपटेल."

मग दोरी त्यानंही धरली. आमचे हात एकमेकांना लागले… कुणीच सोडली नाही.

निवडीच्या दिवशी आषाढाचा वारा नुसता उधळला होता. आमचे प्रशिक्षक मच्छिंद्र सर म्हणाले, "ठिगळाचं शीड आहे, ताण वाढवू नकोस." पण एवढ्या वाऱ्यात कमी ताणाचं शीड मला सावरलं नसतं. मी शिवण बघायला आलेल्या कल्याणकडे वळले.

"अजून दोन बोटं खेचू?"

त्यानं शिवणीवरून अंगठा फिरवला. "खेचा. टिकंल. न्हाईच टिकलं, तर मी येतो पोहत."

"पोहता येतं?"

"न्हाई."

मी हसत हसतच दोरी खेचली.

शेवटच्या फेरीत मोठा झोत आला. माझ्या पुढच्या तिघींपैकी दोघी पाण्यात पडल्या. माझं शीड वरून थरथरलं, पण शिवण धरून राहिली. मी दुसरी आले. निवड झाली!

काठावर आले तेव्हा कल्याण शीड तपासायला पुढे झाला.

"कधी जायचं आता?"

"सोमवारी. गोव्याला, संघाच्या सरावाला. तीन महिने."

"तिथं शिवनारे असतील…"

"असतील." माझा आवाज उगाच बारीक झाला. "पण फाटलं तर मी तुम्हालाच फोन केला, तर चालेल?"

तो शिडाकडेच बघत होता. मग त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"फाटायची वाट कशाला बघतीस? मला आवडतीस तू… रोज फोन कर."

मी ओला हात पुढे केला. "नंबर दे."