शनिवारची ओसरी

औरादच्या बाजारात एका घोंगडीचा काठ मला फार आवडला, म्हणून वाकून मी तो वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात वरून आवाज आला, "घोंगडी घ्यायलाव, का नुसती नक्षी चोरायलाव?"

विकणारा डोळ्यांनी हसत होता. मीही म्हणाले, शिकवणार असाल तर चोरणार नाही...

पिराप्पा त्याचं नाव, मेंढपाळाचा मुलगा. तो खरंच शिकवायला आला. ते पंचावन्न साल. माझे वडील अच्युतराव औरादच्या शाळेत मास्तर होते, आणि दर शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर चार बायका जमायच्या. गुरुबाई वाकळ शिवायची, महादेवी कानडी गाणी म्हणायची, मी चित्रं काढायची. पिराप्पासोबत लोकर आली, टकळी आली, रंग आले, आणि माणसंही. महिन्याभरात ओसरी पुरेना. नवरा गेल्यापासून कुणाशी न बोलणारी सुगंधाबाई एका शनिवारी हळूच गाण्यात सूर मिसळू लागली, तेव्हा सगळ्यांच्या सुया थांबल्या.

धागा पिळायला दाखवताना पिराप्पाची बोटं माझ्या बोटांना लागायची — मग आम्ही दोघंही उगाचच गुरुबाईच्या वाकळेचं कौतुक करायचो.

छप्पन साली भाषेवरून राज्याची वाटणी ठरली. औराद म्हैसुरात जाणार, उदगीर मुंबई राज्यात. बाबांनी उदगीरला बदली मागून घेतली. शेवटच्या शनिवारी, सगळे ओसरीवर गात असताना, पिराप्पा खाली पायरीशीच थांबला. मी त्याला चहा नेऊन दिला.

"शारदाबाई, तुमी जायलाव म्हणं... थांबा म्हणलं, तर थांबताव का?"

घरातून बाबांचा खोकला ऐकू आला. मास्तरांची मुलगी आणि मेंढपाळाचा मुलगा — गाव काय काय बोलेल, ते सगळं मला तेवढ्यात ऐकू आलं.

"न्हाई म्हणलं तरी चालतंय," तो हळूच म्हणाला. "पण काय तर म्हणा."

"चहा... गार व्हायलाय," मी म्हणाले.

त्यानं कपाकडे पाहिलं. दोन घोटांत चहा संपवला.

"व्हय. गारच झालाय."

मग तो वर गेला, सुगंधाबाईशेजारी बसला आणि तिच्या तुटलेल्या धाग्याला गाठ मारून देऊ लागला. मी पायरीवरच उभी होते. त्याला हाक मारायला अख्खी दुपार होती.

मी कप विसळायला गेले.