डोंगराखालची चाल

इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमधला तो कालवा डोंगरापाशी आला की बोगद्यात शिरायचा. आत घोड्याला वाट नव्हती. म्हणून होडी ओढणारा घोडा डोंगरावरून चालवत न्यायचा, आणि खाली होडी माणसांनी पायांनी रेटायची. होडीच्या दोन्ही बाजूंना फळ्या बाहेर काढायच्या, त्यांवर दोघांनी उताणं पडायचं. डोक्याला डोकं, पाय आपापल्या भिंतीवर. मग भिंतीवरून चालत सुटायचं.

एबेल आणि त्याचा धाकटा भाऊ जेथ्रो जन्मभर असेच चालले. जेथ्रो स्तोत्राची ओळ उचलायचा, एबेल ती पुरी करायचा. देवाचं नाव ओठांवर आणि त्याच ठेक्यात पाय. गेल्या हिवाळ्यात जेथ्रो आत घसरला आणि बुडाला. चॅपेलमागे त्याला पुरलं. एबेल रडला नाही. तेव्हापासून त्याला पावाची चव लागत नव्हती, इतकंच.

"पुरे झालं आता," त्याची बायको टॅबिथा घोड्याचा लगाम धरून म्हणाली. "सगळा कोळसा आगगाडी पळवते. पाय मारणारे झाडून सगळे रेल्वेत गेले. तूच तेवढा शहाणा!"

"होडी आपलं घर आहे, टॅबी."

"घर कसलं? तरंगती शवपेटी."

"आज एकट्यानं बोगद्यातून पार केली, तर होडी ठेवायची. नाही जमलं, तर उद्या रेल्वेत हमाल होतो. मग तर झालं?"

"चल रे बाबा," ती घोड्याला म्हणाली, "तुला तरी अक्कल आहे." आणि चढाला लागली.

एकट्या माणसानं टपावर मधोमध पडून बोगद्याच्या छताला पाय लावायचे असतात. एबेलनं सुकाणू बांधलं आणि सवयीनं दोन्ही फळ्या बाहेर काढल्या. सवयीनंच आपल्या बाजूला आडवा झाला आणि चालू लागला.

मागचा उजेड बटणाएवढा उरला, तेव्हा त्याला चूक कळली. एकाच बाजूनं रेटलेली होडी पलीकडच्या भिंतीवर आदळायला हवी होती.

होडी सरळ चालली होती.

वरून पाणी ठिबकत होतं. ओल्या विटांचा वास. आणि पलीकडच्या भिंतीवर खिळे मारलेल्या बुटांची चाल.

एबेल थांबला. ती थांबली.

तो निघाला. ती निघाली.

त्याला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. चालताना मान वळवली की तोल जातो, म्हणून त्यानं वळवली नाही. एकदा फक्त स्तोत्राची अर्धी ओळ म्हणून पाहिली.

उरलेली अर्धी कोणी म्हटली नाही. पण पावलं ठेक्यात आली.

पुढे उजेड वाढला. चाल विरली.

टॅबिथा काठावर घोडा सोडून धावतच आली. "अरे देवा! एकट्यानं केलंस की रे! ठेव बाबा, ठेव तुझी होडी. मी हरले."

"नको," एबेल म्हणाला. "उद्या रेल्वेत जाऊ."

"जिंकल्यावर? डोकं फिरलं का तुझं?"

तो फळ्यांकडे वळला. आपली फळी एका हातानं आत ओढली. मग दुसरी धरली. ती हलेना.

"हो बाजूला, म्हाताऱ्या," म्हणत टॅबिथा हसत होडीवर चढली. दोघांनी मिळून जोर लावला.

तिचं हसू थांबलं.

स्वच्छ उन्हात फळी रिकामी होती, आणि मधोमध खाली वाकली होती.