संदर्भ सापडला

वॉर्डात त्याला सगळे पोथी म्हणत. पहिल्या वर्षी कुणीतरी गमतीने म्हटलं आणि ते चिकटलं. मोठ्या सरांनी राउंडला काही विचारलं की बाकीचे निवासी डॉक्टर आपापल्या बुटांकडे बघायचे. हा मात्र ‘सर, याच्यावर एक शोधनिबंध आहे’ म्हणून सुरू व्हायचा. रुग्ण किती, औषध कोणतं, निष्कर्ष काय, सगळं घडाघडा. आता खरं सांगायचं तर त्यातले निम्मे निबंध त्याने वाचलेले असत आणि उरलेले जगात कुठेच नसत. ते तो पलंगाच्या पायथ्याशी उभ्या उभ्या तयार करत असे.

मुळात तो खोटारडा नव्हता. दिवसभरात रुग्णांच्या उशाशी डोक्यात दहा प्रश्न उठायचे आणि एकाचंही उत्तर शोधायला सवड मिळायची नाही. ड्युटी संपेपर्यंत प्रश्नच विसरलेला असायचा. पण ‘माहीत नाही’ हे शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघत नसत. एकदा निघाले होते, तेव्हा सर फक्त ‘अच्छा’ म्हणून पुढच्या पलंगाकडे वळले होते. त्या ‘अच्छा’पेक्षा थाप परवडली.

थाप पचवायची युक्तीही त्याला सापडली होती. सर म्हणत, ‘तो निबंध आणून दाखव.’ मग हा लायब्ररीत मागणी नोंदवायचा आणि दोन दिवसांनी तोंड वाकडं करून सांगायचा, ‘सर, आपल्या लायब्ररीत मिळत नाही.’ सर लायब्ररीवर तोंडसुख घेत आणि याची सुटका होई.

लायब्ररी तळमजल्यावर होती, एक्स-रे विभागाच्या पलीकडे. लांबट खोली, दमट वास, पुस्तक उशाला घेऊन टेबलावर झोपलेले दोन-तीन डॉक्टर. काउंटरमागच्या बाई मोठ्या चिवट. याचे नसलेले निबंध त्या संगणकावर शोधत, दुसऱ्या लायब्रऱ्यांना फोन लावत, आणि शेवटी यालाच म्हणत, ‘माफ करा हं डॉक्टर, माझंच शोधणं कमी पडतंय.’ तेव्हा याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो ‘असू दे मॅडम’ म्हणून मोठ्या मनाने माफ करायचा! एवढं झाल्यावरही त्याला जेवण जायचं, हे त्याचं त्यालाच नवल वाटे.

हल्ली तर प्रकरण फारच पुढे गेलं होतं. डॉक्टरांनी मागितलेलं जिथे सापडत नाही ती लायब्ररी ठेवायची कशाला, असा सवाल रुग्णालयाच्या कचेरीने केला होता. अर्ध्या खोलीत बिलांची काउंटरं येणार होती. जुने बांधीव खंड रद्दीसाठी दाराशी रचलेले त्याने पाहिले आणि मान खाली घालून तो तिथून निघाला.

त्या सकाळी राउंड खिडकीजवळच्या पलंगाशी थांबला. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. आजार दुर्मिळ, औषध त्याहून दुर्मिळ. औषधाने आजार आटोक्यात आला होता, पण हात थरथरायला लागले होते. मावशींनी उशाखालून सुई-दोरा काढला आणि सरांसमोर ओवायचा प्रयत्न करून दाखवला. दोरा सुईच्या आसपासही पोचला नाही.

“हे असे हात घेऊन मी घरी जाऊन करू काय? बंद करा ना ते औषध.”

“एकदम बंद केलं तर? की हळूहळू कमी करायचं?” सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. “कुणी वाचलंय?”

सगळे बुटांकडे.

“सर, एक जुना निबंध आहे,” पोथी बोलून गेला. “सात रुग्ण. पाचव्या दिवशी औषध एकदम थांबवलं. सातही जण बरे होऊन घरी गेले.”

मावशींचा तो पाचवाच दिवस होता. सर म्हणाले, “ठीक. आजचा डोस देऊ नका. आणि निबंध उद्या मला दिसला पाहिजे.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याला ते कळतही होतं. पण मावशींची लेक त्याचा हात धरून “दादा, तुमचे फार उपकार झाले” म्हणाली आणि याची उरलीसुरली वाचाही बसली. तो सरळ लायब्ररीत गेला, नेहमीसारखं नियतकालिकाचं नाव आणि वर्ष मनाने ठोकून मागणी नोंदवून आला. उद्या ‘मिळत नाही’ म्हणून सांगितलं की झालं.

दुपारी वॉर्डातला फोन वाजला. लायब्ररीतल्या बाई होत्या.

“डॉक्टर, सापडला!”

“काय सापडलं?”

“काय म्हणजे? तुमचा निबंध! रद्दीच्या गठ्ठ्यात होता. या तर खाली.”

तपकिरी कापडी बांधणीचा खंड, त्याच्या जन्माआधीचा. काउंटरवर पंखा फिरत होता, तरी त्याची पानं हलत नव्हती. बाईंनी बोट ठेवलं तिथे त्याने वाचलं. सात रुग्ण. पाचवा दिवस. आधी त्याला हायसं वाटलं. कधीतरी कुठेतरी वाचलं असेल, डोक्यात राहिलं असेल. माणसाच्या डोक्याचं काय सांगावं?

“आणि गंमत बघा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही आजवर मागितलेले सगळेच यात आहेत. एकापाठोपाठ एक. मी वेड्यासारखी जगभर शोधत होते.”

त्याने पानं मागे उलटली. मूत्रपिंडाचा होता. लहान मुलांच्या खोकल्याचा होता. ज्या क्रमाने त्याने थापा मारल्या होत्या त्याच क्रमाने होते. एकदा घाईत त्याने अस्तित्वात नसलेल्या औषधाचं नाव घेतलं होतं. तेही छापलेलं होतं, मात्रेसकट.

तो पुन्हा शेवटच्या निबंधावर आला आणि पुढे वाचू लागला.

सहा रुग्ण घरी गेले होते. सातवी शिवणकाम करणारी स्त्री होती. औषध थांबवलं त्या दुपारी तिने खिडकी लावायला सांगितलं. खिडकी बंदच होती. चहाच्या वेळेच्या आत ती दगावली.

तो जिन्याने धावत सुटला.

“दादा, बरं झालं आलात,” लेक म्हणाली. “आई सारखी खिडकी लाव म्हणतेय.”

खिडकी बंदच होती. काचेतून ऊन थेट मावशींच्या अंगावर येत होतं. त्यांचे हात गार पडले होते आणि जीभ जड झाली होती.

“सिस्टर, ते औषध आणा. आत्ता.”

“सरांनी बंद केलंय ना?”

“माझ्या नावावर घाला. आणा आधी!”

औषध शिरेतून गेलं. तो मावशींचं मनगट धरून बसून राहिला.

चहाची गाडी आली. चहाची गाडी गेली.

“बाळा,” मावशी हळूच म्हणाल्या, “तू घेतलास का चहा?”

त्याने तोंड फिरवलं. त्याला रडू आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. शरमेचं होतं.

दुसऱ्या दिवशी खंड घेऊन तो सरांच्या खोलीत उभा राहिला. “सर, हा निबंध मी वाचला नव्हता. थाप मारली होती. मावशी काल जाता जाता राहिल्या. मी औषध पुन्हा दिलं.”

सरांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. “अरे, थाप कसली? छापलेलं आहे की हे. तुझ्या जन्माआधीचं.”

“सातव्या रुग्णाचं वाचा, सर.”

सरांनी खंड त्याच्याकडे फिरवला. ‘सातवी रुग्ण, शिवणकाम करणारी स्त्री, बरी होऊन घरी गेली.’ बंद खिडकीबद्दल एक अक्षर नव्हतं. औषध पुन्हा दिल्याबद्दलही नव्हतं.

“झोप काढ जरा,” सर मायेने म्हणाले. “एक डोस जास्त गेला म्हणून काही बिघडत नाही. उत्तम निबंध आहे. कालच मी चार ठिकाणी सांगितलं.”

निदान बाईंना तरी खरं सांगायचं, असं ठरवून तो लायब्ररीत गेला. रद्दीचे गठ्ठे परत मांडणीवर लागले होते. बाई कालच काढून ठेवलेली निबंधाची प्रत घेऊन झेरॉक्सच्या मशीनपाशी उभ्या होत्या.

“डॉक्टर, खोली राहिली आमची! सरांनी स्वतः कचेरीत फोन केला. आणि निबंधाला मागणी बघा, सकाळपासून नुसती पाठवतेय. बाहेरगावच्या रुग्णालयांतूनसुद्धा विचारतायत.” त्यांचे डोळे भरून आले. “तुमच्यामुळे हो.”

सरांसमोर खरं बोलताना त्याची स्वतःची अब्रू पणाला लागली होती. इथे बाईंची लायब्ररी होती.

“मॅडम, तो निबंध…”

फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतलं, “हो, हो, तोच” म्हणाल्या आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

“बाहेरगावचा आहे. त्यांनी आज सकाळी औषध बंद केलं. आता रुग्ण सारखी खिडकी लावा म्हणतेय, आणि त्या खोलीला खिडकीच नाही म्हणे. निबंधात खिडकीचं काही आहे का? सांगा ना, तुम्ही वाचलाय.”

त्याने तोंड उघडलं. बाई त्याच्याकडे एवढ्या विश्वासाने बघत होत्या की त्याची मान खाली गेली. स्वतःच्या बुटांकडे बघत तो उभा राहिला.

बाईंनी मग स्वतःच पानावरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत.

“नाही हो,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “तसं काही नाही यात. सगळे बरे झालेत.”