आधी रूबी, मग गोत्र

देवासच्या त्या सायबर कॅफेत ऋजुता रडकुंडीला आली होती. मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट तिनं रेल्स नावाच्या तयार साच्यावर झटपट उभी केली, गावभर वाहवा मिळवली… आणि साइट खुशाल सगोत्र स्थळं सुचवू लागली! मंडळाचे सचिव कोण? तिचेच वडील, तात्या. घरात नुसता शिमगा.

"रूबी येते?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"रेल्स येतं की!"

"पण रेल्स लिहिलंय रूबीत. भाषा येत नाही, अन् भाषण ठोकताय!"

हा अजेय. धारचा, इथल्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा. मेला बोलला राग येण्यासारखंच. पण गालाला खळी पडली नि ऋजुताचा राग कुठल्या कुठे गेला.

मग रोज संध्याकाळी शिकवणी. रेल्स बंद, नुसती रूबी. "भिया, दो कट चाय!" अजेय मालकाला ओरडायचा. चूक दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागायचं… आणि दोघंही उगीचच पडद्याकडे बघत बसायचे.

अखेर ऋजुतानं स्वतःच्या हातानं नियम लिहिला – गोत्र एक, तर जोडी नाही.

"तपासायला दोन नावं हवीत," अजेय म्हणाला. "एक तुमचं घाला."

"आणि दुसरं?"

"माझं… घातलं तर?"

ती कानापर्यंत लाजली. स्वतःच्या नावापुढे 'काश्यप' लिहून तिनं हळूच विचारलं, "तुमचं गोत्र?"

"काश्यप."

पडद्यावर उमटलं: जोडी नाही. प्रोग्राम अगदी बरोबर चालला होता, आणि ऋजुताला रडू फुटत होतं.

"नक्की काश्यप?"

"म्हणजे… नालछ्याच्या देवळात अभिषेकाला भटजींनी विचारलं, मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, ठाऊक नसेल तर काश्यप म्हण. तेव्हापासून मी तेच सांगतो."

"अहो!" ऋजुता उसळली. "तयार माल वापरू नका म्हणून माझा जीव खाल्लात, अन् स्वतःचं गोत्र तयार मालातलं? आत्ताच्या आत्ता घरी फोन लावा!"

त्यानं मुकाट्यानं धारला आपल्या आत्याला, म्हणजे अक्काला, फोन लावला. अक्काचा आवाज अख्ख्या कॅफेत घुमला. "अरे गाढवा, वासिष्ठ आपलं!"

ऋजुता डोळे पुसत खुदकन हसली.

"पण आज गोत्र कशाला रे? मुलगी पाहिलीस की काय? कोण आहे ती?"

अजेयनं फोन ऋजुतापुढे धरला. "तूच सांग… सांगशील?"

तिनं फोन घेतला.

"नमस्कार, आत्या. मी ऋजुता. आमचं काश्यप."