पाहुणवीज

चिमणी रस्त्यावर येऊन सहा महिने झाले होते आणि ती बंद पडणार अशी चिन्हं दिसू लागली होती. गाडीत दोष नव्हता. दोष विजेच्या वाटपात होता, आणि तो शोधायला गोकुळ शिरगावच्या प्रयोगशाळेत दोन माणसं सकाळपासून एका नकाशापुढे बसली होती. एक डॉ. नर्गिस मुजावर, गणिती. दुसरा उपेंद्र शेट्ये, वीजजाळ्याचा प्रमुख अभियंता.

चिमणी ही देशातली सर्वांत स्वस्त विजेची मोटार. ती स्वस्त होती कारण तिच्यातली बॅटरी लहान होती. पूर्ण भरली तर शंभर किलोमीटर, त्यापुढे नाही. नर्स, शिक्षक, बँकेतले कारकून, भाजीवाल्या बायका, सगळ्यांना ती परवडली. पण इतक्या गाड्या रोज पूर्ण भरता येतील एवढी वीज गावोगावच्या कोठारांत नव्हती. म्हणून प्रत्येक मालकानं उद्या कुठं जायचं ते आदल्या दिवशी गाडीला सांगायचं आणि जाळ्यानं तेवढीच वीज द्यायची, अशी व्यवस्था होती.

"लोक जातात त्याच्या दुप्पट सांगतात," डॉ. मुजावर म्हणाल्या. "त्यांच्यासाठी राखलेली वीज पडून राहते आणि ज्यांना खरंच जायचं असतं ते अडकतात."

"म्हणजे खोटं बोलतात."

"तसं नाही म्हणता येणार. सांगताना त्यांना जायचंच असतं, शेट्येसाहेब. मग राहून जातं."

उपेंद्रनं नकाशावर बोट टेकवलं. "मग त्यांचं सांगणं मोजायचंच नाही. सांगितल्यावर जातात किती, ते मोजायचं. शंभरदा सांगून नव्वददा गेला तर त्याच्या शब्दाची किंमत नव्वद. चारदा गेला तर चार. वीज त्या हिशेबानं राखायची."

त्या आकड्याला त्यानंच 'शब्दांक' हे नाव दिलं. डॉ. मुजावरांनी त्यात एक सुधारणा केली. शब्दांक माणसाचा एकच धरायचा नाही, रस्त्यागणिक वेगळा धरायचा. माणूस एका रस्त्यावर घड्याळासारखा चोख असतो आणि दुसऱ्यावर त्याचा काही भरवसा नसतो.

"परतीचं काय?" त्यांनी विचारलं. "लहान बॅटरीचा माणूस ऐंशी किलोमीटरवर पाहुणा गेला तर परत कसा येणार?"

"जिथं जायचं तिथल्या कोठारात त्याच्यासाठी वीज बाजूला काढायची. पाहुणवीज. तीही शब्दांकाप्रमाणे."

"आणि अडीनडीला? घाईच्या वेळेसाठी एखादं बटण?"

"बटण ठेवलं तर सगळे रोज दाबतील, मॅडम. बटण नको."

शब्दांकानं चिमणीला वाचवलं. वर्षभरात जिल्ह्यातली अडकलेल्या गाड्यांची संख्या नगण्य झाली. उपेंद्रचा सत्कार झाला, त्याची छायाचित्रं छापून आली. माणसाला स्वतःचा शब्दांक दाखवायचा नाही, उगाच मनाला लागतं, असं तेव्हा ठरलं होतं. त्यामुळे कुणाची तक्रारही आली नाही.

उपेंद्रची स्वतःची चिमणी लिंबाच्या रंगाची होती. राजारामपुरीतल्या घरापासून प्रयोगशाळेपर्यंत अकरा किलोमीटर तो रोज तिच्यातून जाई. सिग्नलला आजूबाजूला पाच-सहा चिमण्या उभ्या असत, त्यांत कुणी डबा खात असे, कुणी केस विंचरत असे. हे आपण जमवून आणलं, असं त्याला त्या वेळी वाटे आणि तो खुशीत असे.

दर शुक्रवारी संध्याकाळी परतताना तो गाडीला सांगे, "रविवारी साखरपा." मग ताईला फोन करी.

कुमुदताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा उपेंद्र सहा वर्षांचा होता. ताईनं शाळेत नोकरी धरली, त्याला वाढवलं, स्वतःचं लग्न राहू दिलं. आंबा घाटाखाली साखरप्यात ती आता एकटी राहत होती. उजवा डोळा काचबिंदूनं गेलेला, डाव्यावर सगळं चाललेलं.

"ताई, रविवारी येतो गं."

"ये की. काय करू तुला?"

"घावणे कर."

आणि रविवारी सकाळी काहीतरी निघे. एखादा अहवाल, कुणाची भेट, कधी नुसता थकवा. तो प्रवास रद्द करी आणि ताईला कळवी. ताई म्हणे, "असू दे रे, काम आधी." फोन ठेवताना त्याला हायसं वाटे. दीड वर्षात तो तीनदा गेला होता. त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्यानं सातआठदा सांगितलं असतं, आणि तेही मनापासून.

एका बुधवारी साडेनऊला, तो प्रयोगशाळेत नुकताच पोचला असताना, ताईचा फोन आला.

"उपू, सकाळपासून डाव्या डोळ्यापुढं काळा पडदा आल्यासारखं झालंय. खालून वर चढतोय. इथल्या डॉक्टरांनी बघितलं. म्हणाले, आतला पडदा सुटलाय, दुपारच्या आत कोल्हापुरात पोचा, नाहीतर उरलेलं पण जाईल." ती जरा थांबली. "तू मोकळा आहेस का?"

"निघालोच मी. तू बॅग भरून ठेव."

तो जिना उतरून गाडीत बसला. "साखरपा. आत्ता."

"या प्रवासासाठी चव्वेचाळीस किलोमीटरची वीज उपलब्ध आहे," गाडी म्हणाली. "वाटेत जादा वीज मिळणार नाही. साखरप्यात पाहुणवीज नाही."

काहीतरी बिघडलंय, असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा सांगितलं. गाडीनं पुन्हा तेच उत्तर दिलं. तेव्हा तो धावत वर गेला आणि डॉ. मुजावरांना म्हणाला, "जाळ्यात चूक आहे. माझी साखरप्याची नोंद घेत नाही."

त्यांनी त्याचं नाव टाकलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. कार्यालय : नव्व्याण्णव. साखरपा : चार.

"शहात्तर वेळा सांगितलंत," त्या म्हणाल्या. त्यांना त्याच्याकडं पाहवेना, म्हणून त्या पडद्याकडंच पाहत राहिल्या. "तीनदा गेलात."

उपेंद्रनं तोंड उघडलं. कारणं सगळी तयार होती. त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर सांगता आली असती. 

"हाताने बदला तो आकडा."

"नाही बदलता येत. तुम्हीच तशी सोय ठेवली नाही." त्या पर्स घेऊन उठल्या. "घाटातली भाड्याची गाडी आदल्या दिवशी सांगावी लागते, एसटी दोनला आहे. माझ्या गाडीतून चला. मी त्या रस्त्यावर कधी शब्दच दिलेला नाही, तेव्हा नव्या माणसाला धरतात तसा माझा साठ धरला जाईल. साठावर वाटेत जादा वीज मिळते, तेवढ्यात पोचू. मात्र नोंद माझी, तर गाडीही मीच चालवायला हवी."

मलकापूरच्या अलीकडं एका वळणावर समोरून येणारी पांढरी चिमणी अगदी जवळून गेली. उपेंद्र आपणच वाचवलेल्या गाडीत दुसऱ्याच्या शब्दावर बसून चालला होता. ताईला त्यानं तीनदा फोन केला. एकदा वाजून वाजून थांबला, मग घाट लागला आणि रेंज गेली. खालून एकामागोमाग चिमण्या चढत होत्या.  त्यानं एकीकडंही मान वळवली नाही.

बाराच्या सुमारास ते घरापुढं उभे राहिले. दाराला कुलूप होतं. अंगणात तुळशीशेजारी गाडी भरायचा विजेचा खांब होता. ताईची नजर अधू म्हणून उपेंद्रनंच आपल्या शेवटच्या खेपेनंतर माणूस पाठवून हौसेनं बोलणारा बसवून घेतला होता; स्वतः त्याचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. गाडी त्याच्याजवळ येताच खांब मोठ्यानं, स्वच्छ मराठीत बोलू लागला.

"आजचे पाहुणे. उपेंद्र शेट्ये. येण्याची शक्यता शंभरात चार. पाहुणवीज ठेवलेली नाही. नर्गिस मुजावर. येण्याची शक्यता शंभरात साठ. पाहुणवीज ठेवली आहे."

डॉ. मुजावरांनी तार खांबाला लावली. 

"हा असा बोलतो?" त्यानं विचारलं.

"बोलणारच. पाहुण्यासाठी वीज काढायची तर ती यजमानाच्या वाट्यातून निघते. त्याला किती ते सांगायला नको?"

"दर वेळी?"

"तुम्ही नोंद केली की लगेच."

त्याच्या डोळ्यांपुढं शुक्रवार आले. तो गाडीला सांगे आणि मग फोन लावी. मध्ये दोन-तीन मिनिटं जात. तेवढ्यात इथं अंगणात खांब बोलून मोकळा झालेला असे. प्रत्येक शुक्रवारी "ये की, काय करू तुला?" असं विचारताना ताईला आकडा माहीत होता.

शेजारची म्हातारी कुंपणापाशी आली. "बाईंना बघताय? त्या गेल्या कवाच. रेश्मा गुरव घेऊन गेली तिच्या पांढऱ्या चिमणीतून, आमची अंगणवाडीची. दहाच्या आधीच निघाल्या."

"मला कळवलं का नाही?" तो म्हातारीला म्हणाला, जणू तिचाच गुन्हा होता.

"रेश्मा म्हणत होती फोन करू या. बाई म्हणाल्या, राहू दे, तो काही निघाला नसेल."

परतीपुरती वीज भरायला तासभर लागला. तो तास उपेंद्र पायरीवर बसून होता. म्हातारीनं दोघांना चहा आणून दिला. त्यानं कप हातात घेतला खरा, पण चहा निवून गेला.

कोल्हापुरातल्या नेत्र रुग्णालयात ते चारच्या सुमारास पोचले. शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले, डोळा राहील; आणखी दोन-तीन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. उपेंद्रनं मनात वेळ मांडून पाहिली. ताईनं त्याची वाट पाहिली असती तर ती आत्ता पोचत होती. तिनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून तिला दिसणार होतं. त्यानंच काढलेलं गणित होतं ते, आणि कुठंही चुकलं नव्हतं.

ताई पाठीला उशा लावून बसली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. बाजूच्या स्टुलावर तिशीची एक बाई मोसंबं सोलत होती, ती रेश्मा. त्याला पाहून ती उठली आणि स्टूल त्याच्याकडं सरकवलं. डॉ. मुजावर दारातच थांबल्या.

"ताई."

"उपू? अरे, आलास तू?" तिच्या आवाजात आश्चर्य होतं. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

"मी साखरप्याला गेलो होतो."

"अगं बाई. उगाच हेलपाटा झाला तुला."

तो स्टुलावर बसला.  मग तो म्हणाला, "खांब बोलायचा ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात?"

"ऐकायचीस ना तू?"

"ऐकायचे की. पहिल्या पहिल्यांदा पन्नास सांगायचा, चाळीस सांगायचा. मी घावण्याचं पीठ भिजत घालायचे. मग उतरत गेला." ती हसली. "शेवटी शेवटी नाही भिजवलं. वाया जातं रे."

"मग मला बोलायचं होतंस. शिव्या द्यायच्या होत्यास."

"येतो म्हणताना तुझा आवाज किती छान असायचा, ठाऊक आहे? तुला खरंच यायचं असायचं. तेवढं मला पुरायचं." तिनं हात पुढं केला, तो त्याच्या गुडघ्यावर पडला. "आणि मी बोलले असते, तर तू फोन करायचाही बंद झाला असतास."

हे खरं होतं.  रेश्मा मोसंब्याची फोड ताईच्या हातात देऊन खिडकीकडं गेली. दारातल्या डॉ. मुजावर केव्हा निघून गेल्या, ते त्याला कळलं नाही.

नर्स कागद घेऊन आली. "आजी, परवा सोडणार तुम्हाला. घ्यायला कोण येणार? नाव लिहायचंय."

उपेंद्र उठून उभा राहिला. 'मी' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. शहात्तर वेळा तो इतक्याच सहज आला होता. तो ओठांवरच राहिला आणि तेवढ्या वेळात ताई बोलून गेली.

"रेश्मा गुरव लिहा. साखरप्याहून येईल ती."

नर्सनं लिहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. "आणि हे कोण?"

"हा माझा भाऊ," ताई कौतुकानं म्हणाली. "इथंच असतो, कोल्हापुरात."