पुसलेली पानं

सोमवारी सकाळी स्पृहानं नववी-बचं दार ढकललं, तर आत एक अनोळखी तरुण जमिनीवर मांडी घालून बसलेला. भोवती तिच्या कपाटातली पुस्तकं, हातात खोडरबर, पँटवर रबराचा काळा चुरा...

"कोण तुम्ही? हे काय चाललंय?"

"यतीन. सायन्सचा नवा टीचर. गुरुवारीच आलोय इंदूरला, कराडहून." तो हसला. हसणं गोड होतं हे तिला दिसलं, आणि त्याचाही राग आला. "उद्या इन्स्पेक्शन ना? प्रिन्सिपल भानुमतीजी म्हणाल्या, मुलांनी पुस्तकं खराब केलीत, पुसून ठेवा. एक्केचाळीसपैकी अडतीस झाली!"

तिनं त्याच्या हातातलं पुस्तक हिसकावलं. पानांच्या कडा कोऱ्या करकरीत.

त्या कडांवर दोन वर्षं तिची मुलं पेन्सिलीनं एकमेकांशी बोलत होती. 'यहाँ रुक, आगे रोना आएगा.' 'हा काका मला खोटा वाटतो, तुला?' एकानं लिहायचं, पुढच्यानं उत्तर द्यायचं. ज्यांच्या घरी कोर्सबाहेरचं पुस्तक नाही, ती पोरं त्या उत्तरांच्या ओढीनं पानं उलटत होती.

"खराब?" तिचा आवाज चिरकला. "भिया, तुम्ही माझा अख्खा वर्ग पुसलाय!"

"मॅडम, मला वाटलं—"

"वाटलं कशाला? विचारायचं होतं! जुबान दी है ना भगवान ने?"

तिसऱ्या तासाला शमिकानं आपलं पुस्तक उघडलं. आठवीभर पुस्तकाला हात न लावलेली ही पोर. यंदा जुलैत तिनं पहिलं पुस्तक संपवलं होतं. पान बघितलं, मिटलं, डोकं बाकावर टेकलं. "मिस, मेरा लिखा किसने मिटाया?"

"मी." मागच्या भिंतीपाशी यतीन उभा होता. तो पळेल असं स्पृहाला वाटलं होतं.

"सर ने पढ़ा भी नहीं होगा. बस, घिस दिया."

"वाचलं." त्याचे कान लाल झाले. "पान एकोणसाठ. पाठ आहे मला. पण इथे मोठ्यानं सांगणार नाही... ते तुझं आहे."

शमिका उठली. पुस्तक तिनं कपाटात ठेवलं, ते उलटं — पाठ दाखवून.

व्हरांड्यात स्पृहानं त्याला गाठलं. "वाचलंत, पाठही झालं, आणि तरी पुसलंत?"

"हो." त्यानं मान खाली घातली नाही. "सांगितलं ते केलं. घाबरलो होतो."

खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. राग जात्यासारखा गरगरत राहिला. दाणे संपले तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी यतीननं भानुमतीजींना सांगितलं, उरलेली तीन पुस्तकं मी पुसणार नाही. त्याला मेमो मिळाला. आणि दर शुक्रवारी, वाचनाच्या तासाला, तो मागच्या बाकावर गुडघे आखडून बसायला लागला — पुस्तक आणि पेन्सिल घेऊन.

"आज फिर आलात?" स्पृहा टोमणा मारी.

"वाचतोय. तुमचं काय जातंय?"

"माझा ऑक्सिजन."

मुलं फिदीफिदी हसत. हळूहळू एकेकाची पेन्सिल पुन्हा निघाली. शमिकाची मात्र नाही. दिवाळी गेली, स्वेटर निघाले, ती खिडकीबाहेर बघत बसे. स्पृहाला वाटे, ही पोर हातची गेली. मग ती यतीनकडे असं बघे, की तो पान चुकवी.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी शमिका त्याच्या बाकापाशी आली. हातात तेच पुस्तक, नाकाचा शेंडा लाल.

"सर! ये आपने लिखा? 'ही मुलगी उगाच घर सोडते'? उगाच? आपको कुछ समझता भी है?"

"मग सांग ना."

"सांगते!" ती खाली बसली, त्याचीच पेन्सिल ओढली आणि लिहीत सुटली. कड संपली, पान उलटलं, पुढचं वाचलं, परत लिहिलं. घंटा झाली तरी उठली नाही.

स्पृहा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ.

सुटल्यावर तो गेटपाशी तिच्या स्कूटीजवळ घुटमळला.

"मुद्दाम लिहिलंत ना तसं?"

"नाही हो... खरंच तसं वाटलं होतं." तो ओशाळला. "चुकलं बहुतेक."

ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग लगेच भुवया आवळल्या.

"एक सांगू? पण रागवाल."

"रागावलेलीच आहे. सांगून टाका."

"मला इथेच राहायचंय. इंदूरला... तुमच्याजवळ."

रस्त्यावरून एक ऑटो कर्कश हॉर्न देत गेला. तिनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"बस मागे," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "छत्रीबागेत घरी माझी आई वाट बघतेय. तिला हे तूच सांग — मी अजून रागात आहे."