दत्ताराम शिगवणचं यकृत

लोखंडी स्टूल प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटावर आदळलं आणि सहा महिन्यांच्या मेहनतीच्या बाटल्या फरशीवर फुटल्या. दुसऱ्या फटक्यात डॉ. मृणाल आगाशे यांचं कपाळ फुटलं. चिरेखाणीत वीस वर्षं घण मारलेला हात होता तो. घाव जरा खाली बसता तर बाईंचा डोळाच जाता. तिघा रखवालदारांनी दत्ताराम शिगवणला पालथा पाडला. एकाने त्याच्या पाठीत गुडघा रोवला, तशी बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तरी गडी आवरेना! शेवटी रक्ताळल्या हातांनीच मृणालने त्याच्या दंडात गुंगीची सुई खुपसली. एकीने भागेना, म्हणून दुसरी.

"देवाशपथ सांगतो, थेंब नाही घेतला!" तो ओरडत होता. हळूहळू त्याचा आवाज पडला.

"मेल्या, देवाच्या नावाने तरी खोटं बोलू नकोस!" दारातून त्याची बायको शेवंती किंचाळली. तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. सहा दिवसांपूर्वीच दत्तारामने तो मोडला होता.

आता ही शपथेची भानगड सांगायलाच हवी. फणसाच्या खोडावर उगवणाऱ्या फणसांबा नावाच्या अळंबीतून मृणालने एक द्रव्य वेगळं केलं होतं. नाव ठेवलं 'यकृतकवच'. उंदरांना कसलंही विष द्या, यकृताला ओरखडा नाही! मग माणसाची पाळी आली. पंधरा वर्षं पिणारा दत्ताराम पहिला तयार झाला. अट एकच, औषध चालू असताना दारू बंद. त्याने ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शपथ घेतली आणि लगेच औषधाची पहिली मात्रा घेतली. मृणाल त्याच तालुक्यातली. नारळ ठेवलेल्या माणसाच्या तोंडाला दारू तपासायचं यंत्र लावणं म्हणजे देवावरच संशय घेणं. एवढी शिकलेली बाई, पण यंत्र कपाटातच राहिलं.

तिसऱ्या दिवशीही दत्ताराम झोकांड्या खाताना दिसला. तपासा, असं कोणीच म्हणालं नाही. शपथ मोडली, असं सगळेच म्हणाले. सख्ख्या भावांनी त्याला देवळाच्या खांबाला बांधून चिव्याच्या भरीव बांबूकाठ्यांनी फोडून काढला. तो राग त्याने घरी जाऊन शेवंतीवर काढला. दुसरं कोण होतं हाताशी?

आज, नवव्या दिवशी, पुण्याहून औषधशास्त्रज्ञ डॉ. सहस्रबुद्धे आले होते. स्टूल उडालं तेव्हा ते शेजारच्या खोलीत दत्तारामच्या रोज काढून ठेवलेल्या रक्तातली दारू मोजत होते. हे कोणाला सुचलंच नव्हतं. ते कागद घेऊन बाहेर आले.

"मृणाल, नऊही दिवस आकडा जवळजवळ तोच आहे."

"म्हणजे रोज मोजून पितोय?"

"अगं, मोजून पिणारा दारुडा पाहिलायस कधी? नारळ ठेवायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची ढोसलीन त्याने. तीच अजून उतरलेली नाही."

"पण सर, यकृत ठणठणीत आहे!"

"असणारच! यकृत म्हणजे शरीराचा सफाई कामगार. घाण उपसून उपसून त्याचे हात सडतात. तू त्याला घरात कोंडून बाहेरून कडी लावलीस. हात स्वच्छ राहिले आणि गटार तुंबलं."

"उंदरांना तर काही..."

"विष दिलेल्या उंदरांनी पिंजऱ्यात एकमेकांना फाडलं होतं. तू लिहिलंस, जागा अपुरी."

शेवंती भिंतीला टेकत खाली बसली. "म्हणजे खरं बोलत होता माणूस? अरे देवा! भावांनी ढोरासारखा मारला आणि मी त्याच्या डोक्यात वरवंटा घातला!"

"वहिनी, आजपासून औषध बंद," मृणाल घाईघाईने म्हणाली. "चार-आठ दिवसांत ते शरीराबाहेर जाईल. मग यकृत पुन्हा काम करेल."

"कुठून जाईल?" सहस्रबुद्ध्यांनी विचारलं.

कवचाचा निचरा यकृतातूनच व्हायचा. मृणालच्याच अहवालात तसं लिहिलेलं होतं.

"दारू रक्त गाळायच्या यंत्राने काढता येईल," सहस्रबुद्धे म्हणाले. "कवच नाही निघायचं. ते पेशींना चिकटून बसलंय."

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि बाई, आत्ता दोन सुया टोचल्यात, त्या?"

"त्यांची गुंगीही यकृतच उतरवतं, यंत्राने ती निघत नाही," सहस्रबुद्धे म्हणाले.

दत्तारामचे ओठ निळे पडले होते. मृणाल काचांवरच गुडघे टेकून बसली, त्याच्या तोंडावर मुखवटा दाबला आणि श्वासाचा रबरी फुगा दाबू लागली. छाती वर आली, खाली गेली. फुगा थांबला की छातीही थांबायची.

"मॅडम, दमलात तर मी घेतो," गुडघा रोवणारा रखवालदार म्हणाला. "किती वेळ दाबायचंय?"

मृणालने फुगा पुन्हा दाबला.

"उतरेपर्यंत."